मामीच्या पाठीवरचे दहा ठिपके

पन्नाशीला आलेली बाई शहाणी असते असं मला पन्नाशीपर्यंत वाटत होतं. मग मी चेन्नईत नोकरी धरली.

यजमानांची बदली एन्नोरच्या बाजूला गाड्यांच्या कारखान्यात झाली होती. पहाटे कंपनीच्या बसने जायचे ते दिवेलागणीला उगवायचे. मला तमिळ येत होतं ते भाजीवाल्यापुरतं. घरात बसून कंटाळले आणि नुंगंबाक्कममधल्या एका त्वचारोगाच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागले. मिरजेला असताना लॅबोरेटरीत काम केलेलं, त्यामुळे हात बसलेला होता.

काम असं, की ज्यांना कवळी किंवा गुडघ्याचा नवा सांधा बसवायचाय त्यांच्या अंगाला तो धातू, ते प्लॅस्टिक सोसेल का हे आधी बघायचं. टिचबटणाएवढ्या दहा चकत्यांची एक पट्टी असायची. सगळ्यात वरच्या चकतीत निकेल, एकीत कोबाल्ट, एकीत पारा, अगदी शेवटी कवळीचं प्लॅस्टिक. ती पाठीवर चिकटवायची आणि कडेने जांभळ्या शाईने खुणा करायच्या. दोन दिवसांनी काढायची. कुठल्या जागी कातडी लाल झाली ते डॉक्टर बघायच्या, आणि आणखी दोन दिवसांनी परत एकदा. तोवर अंघोळ नाही, घाम येईल असं काम नाही. चेन्नईत, आणि तेही मे महिन्यात. पण मी ते अशा आवाजात सांगायचे की भलेभले पुरुष शर्ट घालता घालता मान डोलवायचे.

वहीत एक रकाना होता: अंघोळ केली का? तो मी विचारून भरायचे, खाली सही करायचे. डॉक्टर माझ्या लेकीच्या वयाच्या. मला अम्मा म्हणायच्या. माझी सही दिसली की पुढे काही विचारायच्या नाहीत. त्या सहीचा मला केवढा तोरा होता म्हणून सांगू. घरी दुधाच्या हिशेबाखालीसुद्धा मी लफ्फेदार सही ठोकायचे.

आमच्या खालच्या मजल्यावर मामी राहायच्या. इमारतीतले सगळेच त्यांना मामी म्हणायचे. तंजावरकडच्या मराठी घरातल्या, कित्येक पिढ्या तमिळ मुलखात काढलेल्या. त्यांची मराठी ऐकताना वाटायचं, जुनी पोथी उघडून कुणी त्यात रस्सम सांडलंय. मला तर ती अमृतासारखी लागायची. जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "ये मा, तू आमच्यातली." एवढ्यावर मी विरघळायचे. त्या शहरात मला आमच्यातली म्हणणारं दुसरं होतं कोण?

मामींना खालच्या दातांची कवळी करायची होती. खोटे दागिने घातले की मानेला खाज सुटते असं त्यांनी दातांच्या डॉक्टरांना सांगितलं, म्हणून त्यांनी आमच्याकडे धाडलं. मी स्वतः पट्टी लावली. नियम सांगितले, आणि आपल्या मराठीत सांगितले, म्हणजे डबल पक्के झाले असं धरून चालले.

दोन दिवसांनी मामी आल्या. पाठ बघते तर शाईच्या खुणा गायब. पट्टीच्या कडांना घरातल्या औषधाच्या डब्यातलं चिकटपट्टीचं ठिगळ.

"मामी, अंघोळ केलीत?"

"नाही मा. घामाने गेले असेल सगळे. तुजशी खोटे बोलेन का मी?"

आता कुठलीही शहाणी बाई काय करेल? डॉक्टरांना सांगेल, पट्टी बाद करेल. मी काय केलं? पट्टी होती तिच्या कडेने नव्याने खुणा काढल्या, छान, रेखीव, आणि वहीत लिहिलं: नाही. सही केली. तीसुद्धा लफ्फेदार.

तळाच्या चकतीची जागा लालभडक होती. वरची निकेलची नुसती गुलाबी. डॉक्टरांनी विचारलं, "अम्मा, सगळं नीट होतं ना?" मी म्हटलं, "हो." दोन दिवसांनीही तेच दिसलं. वरचं गुलाबी घामाचं ठरलं. निकाल गेला: प्लॅस्टिक नको, धातू चालेल.

महिन्याभराने मामी सुनेला घेऊन दवाखान्यात आल्या. हिरड्या सोललेल्या, ओठ सुजलेला, धातूच्या पट्टीची कवळी रुमालात बांधलेली. पेजेवर दिवस काढत होत्या. त्यांना बघून मला खरंच वाईट वाटलं. साधारण दोन मिनिटं.

डॉक्टरांनी सुनेला खोदून विचारलं तेव्हा बाहेर आलं. पट्टी लावल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामींच्या सासूबाईंचं श्राद्ध होतं. स्वयंपाक मडीत करायचा, म्हणजे आपल्या सोवळ्यात, आणि तो डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय कसा होणार? मग सुनेने पट्टी हलकेच सोडवली, स्टीलच्या ताटलीत ठेवली, आणि श्राद्ध आटोपल्यावर परत चिकटवली. "होती तिथेच लावली," सून म्हणाली. डॉक्टरांनी टेबलावरची एक कोरी पट्टी उचलली आणि हातातल्या हातात उलटी फिरवली. वरची चकती खाली, खालची वर. मलाही तेव्हाच कळलं. लालभडक झालं होतं ते निकेल होतं.

"पण पाणी घ्यायचं नाही हे सांगितलं होतं ना?" डॉक्टरांनी विचारलं.

मामी माझ्याकडे न बघता, स्वच्छ तमिळमध्ये म्हणाल्या, "हिनेच सांगितलं. जरा पाणी घेतलं तर काही होत नाही म्हणाली. आमच्यातलीच ना ती."

भाजीवाल्यापुरतं तमिळ येणाऱ्या मला ते वाक्य अख्खं कळलं.

मी म्हटलं, "मी असं सांगितलं नाही." डॉक्टरांनी वही उघडली. अंघोळ: नाही. खाली माझी ऐटबाज सही.

"खुणा होत्या, अम्मा?"

"नव्हत्या. मी परत काढल्या."

त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मामींचा मला राग आला तो असा, की महिना-दीड महिना रात्रंदिवस मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते, आणि तेही त्यांच्याच जुन्या मराठीत. ज्या बोलीसाठी मी जिन्यात ताटकळत उभी राहायचे, त्याच बोलीत मला फसवलं, आणि विकलं मात्र दुसऱ्या भाषेत. हे कुणाला सांगणार? यजमान म्हणाले, "अगं, म्हातारी घाबरली असेल." घाबरली असेलच. मला काय तिने शूर असावं अशी अपेक्षा होती? तिने माझ्याकडे एकदा बघावं, एवढीच होती.

तोंड बरं झाल्यावर चाचणी नव्याने करायची ठरली. मामी येऊन पाठ उघडी करून बसल्या. "हिचा हात हलका आहे," म्हणाल्या, जसं काही घडलंच नाही. मी पट्टी लावली, खुणा काढल्या, आणि पट्टीच्या वर, न पुसणाऱ्या शाईने, ठळक देवनागरीत लिहिलं: खोटारडी.

पन्नास वर्षांची बाई. एका आजारी म्हातारीच्या पाठीवर.

मामींच्या घरी सगळे वाचायचे तमिळमध्ये. डॉक्टरही तमिळ. मी बिनधास्त होते.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी विचारलं, "हे काय लिहिलंय?"

"वरची बाजू कुठली ते," मी म्हटलं. एका परीने होतंच ते. अक्षरन् अक्षर शाबूत होतं, म्हणजे मामींनी या खेपेला पाणी अंगाला लावलं नव्हतं. निकेलची जागा टम्म सुजलेली, बाकी पाठ स्वच्छ.

मी वही ओढली, पेन उघडलं आणि तोंड उघडणार तेवढ्यात डॉक्टरांनी माझ्या खांद्यावरून मामींनाच विचारलं, "अंघोळ केलीत?"

"नाही," मामी म्हणाल्या. खरं बोलल्या.

डॉक्टरांनी भिंग घेऊन माझी एकेक खूण तपासली. मग वही माझ्या हातातून, अगदी हळू, काढून घेतली आणि तो रकाना स्वतः भरला. सहीही त्यांनीच केली, छोटीशी. "थँक्यू, अम्मा," म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

त्यानंतर तीन वर्षं मी तिथे होते. हजार पाठींना पट्ट्या लावल्या असतील. तो रकाना मला परत मिळाला नाही.