उजवीकडे वळायला शिकलो ते

विठ्ठलवाडीच्या चाळीतल्या एका ताईंनी मला उजवीकडे वळायला शिकवलं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे मी माझीच फुशारकी मारत बसेन आणि त्यांचं राहून जाईल. त्या मोहन्याच्या शाळेत शिकवायच्या. रोज मोपेडवरून जायच्या-यायच्या. माझ्या नात्यागोत्यातल्या त्या कुणी नाहीत.

मी ‘मौत का कुआँ’मध्ये मोटारसायकल चालवायचो. जत्रेत लाकडी फळ्यांची उंच गोल विहीर उभी करतात, तिच्या उभ्या भिंतीवरून गाडी फिरते आणि लोक वर कठड्याला धरून खाली बघतात, तो खेळ. माझी शाळा सातवीत सुटली. गाव किनवटकडे, कल्याणहून जायला एक दिवस आणि एक रात्र. पाढे कधी पाठ झाले नाहीत, पण भिंतीवर गाडी चढवायला मी तीन आठवड्यांत शिकलो.

तरी आमच्यात मोठा मी नव्हतोच. मोठी होती एक बाई, चाळिशीची. अंबाडा घट्ट बांधून गाडीवर बसायची आणि कठड्याच्या वीतभर खाली पोचली की दोन्ही हात सोडायची. खाली उतरली की लगेच परात ओढून कणीक मळायला बसायची. तिला घाबरलेली मी सहा वर्षांत बघितली नाही. मी मात्र प्रत्येक शोच्या आधी टायर दहादा चाचपायचो.

आमच्या गाड्या जुन्या, टू-स्ट्रोक. लाइट नाही, नंबर नाही, सायलेन्सर काढून टाकलेला. एका गावाहून दुसऱ्या गावाला त्या फळ्यांबरोबर ट्रकमधून जायच्या. म्हणजे रस्त्यावर मी कधी गाडी चालवलीच नव्हती. तेव्हा यात काही वावगं आहे असं मनातही आलं नाही.

पहिल्यांदा कल्याणला आलेलो तेव्हा खाडीजवळच्या जत्रेत कठडा माणसांनी कुरकुरायचा. कोळणी टोपल्या खाली ठेवून वर चढायच्या. एक म्हातारी रोज यायची आणि मी वर पोचलो की म्हणायची, “आरं पोरा, तुजे आयेला म्हाईत हाय का रं?” आईला माहीत नव्हतं. मी गॅरेजमध्ये आहे असं घरी कळवलेलं.

चार-पाच वर्षांनी विठ्ठलवाडीच्या मैदानात विहीर उभी केली तर अर्धा कठडा रिकामा. पोरं यायची, पण स्वतःच्या गाड्यांवर. डोंबिवलीत तोवर हप्त्यावर फोर-स्ट्रोक हंड्रेड सीसी घरोघरी आलेली. आमच्या तिकीट-खिडकीसमोर कुणी नवी गाडी लावली की तिच्याभोवती घोळका जमायचा, खिडकीकडे पाठ करून. पूर्वी शो संपला की पोरं विचारायची, “भीती नाय वाटत?” आता एकाने विचारलं, “भाई, अ‍ॅव्हरेज किती देते?”

मी म्हटलं, “वर जाताना की खाली येताना?”

तो हसला नाही. खरंच विचारत होता.

मला राग नाही आला. त्या गाड्या मला पण आवडायच्या. एका किकमध्ये चालू, आवाज शिवणाच्या मशीनसारखा. लोकांचं काय चुकलं? पण विहिरीच्या मालकाने सांगून टाकलं, विठ्ठलवाडीनंतर फळ्या विकायच्या, आता परवडत नाही. त्या दिवसापासून मला जेवण जाईना. सातवी नापास, हातात एवढी एकच कला, आणि ती फळ्यांबरोबर विकली जाणार.

त्याच आठवड्यात डोंबिवलीचा एक शोरूमवाला शो बघून खाली आला. गिऱ्हाइकांना मागे बसवून ट्रायल द्यायला त्याला माणूस हवा होता. म्हणाला, “लायसन आहे ना?”

मी नाही म्हटलं.

“भिंतीवर चालवतोस आणि लायसन नाय? दोन महिन्यांत काढ. तोवर जागा ठेवतो, पुढे नाय.”

लायसनला पत्ता लागतो. आम्ही राहायचो ट्रकमध्ये, त्याला कुठला पत्ता? ताईंची ओळख तेव्हा चार दिवसांची. त्या आमच्या आवाजाची तक्रार घेऊन आलेल्या. “पेपर तपासायला बसलं की डोकं उठतं. सायलेन्सर लावता येत नाही का रे?” मी म्हटलेलं, “ताई, आम्ही आवाजच तर विकतो.” त्यावर हसल्या आणि मोपेडचा प्लग साफ करून घेऊन गेल्या. पत्त्याचं कळल्यावर म्हणाल्या, “माझा लाव. चाळीत एक माणूस वाढला तर कुणी मोजायला येत नाही.”

कच्चं लायसन झालं. मग पक्क्यासाठी ठाण्याला टेस्ट. मी निवांत होतो. आयुष्यात तेवढ्या एकाच दिवशी मला काळजी वाटली नाही. शोरूमवाल्याने गाडी दिलेली. जमिनीवर आठाचा आकडा काढलेला, त्यावरून पाय न टेकता फिरायचं. डावा गोल मी असा घेतला की टेस्ट घेणाऱ्या आरटीओच्या साहेबांनी मान डोलावली. मग उजवा गोल आला आणि अंग झुकेचना. हँडल वळवायला गेलो तर गाडी उजवीकडे, मी डावीकडे. पाय टेकला. परत केलं, परत टेकला.

साहेबांनी विचारलं, “काय करतोस?”

“मौत का कुआँमध्ये गाडी चालवतो, साहेब.”

“मग इथे सपाट जमिनीवर कसा मरतोयस?”

मागची सगळी रांग हसली. विहिरीत आम्ही सगळे एकाच बाजूने फिरायचो, डावीकडे. गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून तसा नियमच. सहा वर्षांत मी एकदाही उजवीकडे वळलो नव्हतो, आणि हे मला ठाण्यात कळलं.

आठ दिवसांनी दुसरी टेस्ट. दोन महिने त्याच आठवड्यात संपत होते. ताईंना सांगितलं तर त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग पदर खोचून म्हणाल्या, “रविवारी शाळेच्या मैदानावर ये.”

रविवारी त्यांनी खेळाच्या खोलीतून फक्की काढून मैदानावर मोठा आठ आखला. मला मोपेडवर बसवलं आणि स्वतः उजव्या गोलाच्या मधोमध उभ्या राहिल्या.

“गाडीकडे बघू नकोस. माझ्याकडे बघत फीर.”

“पडलो तर तुमच्या अंगावर येईन, ताई.”

“ये. चाळीस पोरं रोज अंगावर येतात.”

कंपाउंडवर बसलेली पोरं ओरडत होती, “ए हिरो, मौत का मैदान!” मी सात-आठ वेळा पाय टेकला. ताई जागच्या हलल्या नाहीत. मी फिरेन तशा त्याही तोंड माझ्याकडे ठेवून फिरत राहिल्या, ऊन चढलं तरी. जेवायच्या वेळेपर्यंत माझं अंग उजवीकडे झुकायला लागलं. पुढचे सगळे दिवस शाळा सुटली की अर्धा तास तेच.

दुसऱ्या टेस्टला साहेबांनी ओळखलं. “आला का कुएँवाला?” मी आठ काढला, दोनदा. त्यांनी सही केली.

परत आलो तेव्हा फळ्यांना अखेर गिऱ्हाईक मिळालेलं आणि विहीर उतरवत होते. एकेक फळी नंबराप्रमाणे ट्रकवर चढत होती. ती बाई कणकेचा डबा घेऊन ट्रकजवळ उभी होती. मी लायसन दाखवलं. तिने उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, “फोटो में डरा हुआ लगता है.” मग ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसली आणि गेली. तिच्याइतकं चांगलं गाडीवर बसलेलं माणूस मी शोरूममध्ये आजवर बघितलेलं नाही.

शोरूमला लागून आता काही वर्षं झाली. टायर अजून दहादा चाचपतो, ट्रकच्या गर्दीतून शीळफाट्यापर्यंत ट्रायल असली की जास्त. ताई मात्र रिटायर झाल्या, गुडघ्यांमुळे मोपेड विकली. माझ्याकडून कधी काही घेतलं नाही. परवा सहज म्हणाल्या, मुरबाडच्या पुढे त्यांचं आजोळ आहे, एसटी फाट्यावर सोडते, तिथून पुढचा चढ पायी चालवत नाही, म्हणून सहा वर्षं जाणं नाही. गाडी शोरूमची आहे, माझी नाही. पण माझी होईल. झाली की पहिल्या रविवारी ताईंना मागे बसवून तो चढ चढवीन, अगदी हळू, आणि आजोळच्या दारात उतरवीन. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, पण करणार आहे.