पाच वाजताचे बूट

बदलीबाई पहाटे पाचला उठत, आवरत आणि बूट घालून फोनशेजारी बसत. नाव त्यांचे वेगळे होते, पण अकरा वर्षे बदली शिक्षिका म्हणूनच काढल्यावर हेच चिकटले. कुणी शिक्षिका आली नाही की शाळेचे कारकून सव्वासहानंतर यादीतले नंबर फिरवीत. फोन एंगेज लागला की सरळ पुढचा नंबर, आणि बोलावल्याशिवाय कुणी यायचे नाही, असा नियम. बाईंचे नाव यादीत पहिले. त्यामुळे जीव रोजच टांगणीला.

"वन्सं, घरात बूट? उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग," चहा ठेवत वहिनी म्हणत.

"मग तहान लागल्यावर विहीर खोदू का?"

"खोदा की आधी. पण काठावर मुक्काम कशाला?"

त्या सोमवारची गोष्ट मात्र निराळी. सातवीच्या इंग्रजीच्या शिक्षिका नोकरी सोडून गेल्या होत्या. सोमवारी जी बदलीवर येईल तिचा तास मुख्याध्यापिका मागे बसून बघणार, आणि पटला तर तिलाच कायम करणार, असे शाळेने कळवले होते. धडाही ठरलेला: सावधपणाचे इंग्रजी वाक्प्रचार. बाईंनी रविवारभर टिपणे काढली. इंग्रज सावध असला की चवड्यांवर उभा राहतो, आपण एका पायावर तयार. तो एक डोळा उघडा ठेवून झोपतो, आपण दोन्ही डोळ्यांत तेल घालून जागतो.

"म्हणजे झोप त्यालाच," पेपरातून डोके न काढता भाऊ म्हणाला होता.

सव्वासहा झाले. फोन गप्प. सहा-सतराला बाईंनी रिसीव्हर उचलून कानाला लावला. टोन होता. खिडकीपर्यंत जाऊन आल्या, रुमालाची घडी मोडून पुन्हा घातली. सहा-वीसला परत उचलला. टोन होता. सहा-चोवीसलाही होता.

"अहो, किती वेळा नाडी बघाल त्याची?" वहिनी म्हणाल्या. "नेमका तेवढ्यात कुणी केला असेल तर?"

बाईंनी रिसीव्हरवरचा हात काढून घेतला. अकरा वर्षे त्या असाच फोन तपासत आल्या होत्या, आणि ही शंका त्यांना एकदाही शिवली नव्हती.

पावणेसात झाले. बाई उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या.

"मी जाते."

"न बोलावता?"

"बूट घातलेलेच आहेत."

शाळेच्या दारातच कारकून भेटले. "बाई, तुमचा एंगेज होता. पुढच्यांना लावला. त्या आत्ता उठल्यात, म्हणे आंघोळ करून निघते."

घंटा होऊन गेली होती. सातवीच्या मुलांनी वर्ग डोक्यावर घेतलेला. मुख्याध्यापिका व्हरांड्यात घड्याळ बघत उभ्या.

"तुम्हाला फोन आला होता?"

हो म्हणणे सोपे होते. "नाही. तो येतोय का, हे बघायला मीच उचलून धरला होता."

मुख्याध्यापिकांनी एकदा त्यांच्या बुटांकडे पाहिले. "चला आत."

बाईंनी पहिलाच वाक्प्रचार फळ्यावर लिहिला आणि अख्ख्या वर्गाला चवड्यांवर उभे केले. दीड मिनिटात पोटऱ्या थरथरू लागल्या. मागच्या बाकाला धरून मुख्याध्यापिकाही उभ्या होत्या.

"बाई, असं किती वेळ राहायचं?" पुढच्या बाकावरच्या मुलीने कळवळून विचारले.

बाई स्वतःही टाचा उचलून होत्या. टिपणांत याचे उत्तर नव्हते.

"टेका," त्या म्हणाल्या. आधी त्यांच्याच टाचा टेकल्या.

गुरुवारी कायम झाल्याचे पत्र हातात आले. आता सकाळी फोन येण्याचे कारण उरले नव्हते. शुक्रवारी सहा-सतराला बाई रिसीव्हर कानाला लावून उभ्या.

"आता कुणाची वाट बघताय, वन्सं?"

"कुणाची नाही," बाई म्हणाल्या. "टोन आहे का बघते."