माझी मिशी आणि दिग्गीचा काका

मिशी जितकी विरळ, तितके किस्से दाट, असा माझा अनुभव आहे. आमच्या बाबांची मिशी भरघोस, दिग्गीला राहणाऱ्या धाकट्या काकांची तशीच. बांधावरच्या फणसावरून दोघांचं सात वर्षं बोलणं बंद होतं. माझ्या वाट्याला फणस नाही आणि मिशीही नावालाच. रोप कमी पडलेल्या वाफ्यात लावणी करावी, तशी ती दिसते.

सोयरीक ठरवताना सासऱ्यांनी माझ्या तोंडाकडे बघून बाबांना विचारलं, "पोराला मिशी यायची हाय, का यून गेली?"

बाबा म्हणाले, "येतीया. कुंभारवाड्याची बस हाय ती, उशीर व्हतो."

त्यावर लग्न ठरलं.

कुळगीच्या जंगल कॅम्पवर मी गाईड आहे. एकदा बेळगावचे पाहुणे आले आणि आमच्या झुपकेदार मिशीच्या आचाऱ्यालाच गाईड समजून त्याच्या मागे निघाले. मला त्यांनी बॅगा दिल्या. एका मॅडमनी त्याला विचारलं, "हे झाड कुठलं?"

आचारी शांतपणे म्हणाला, "आमटीत चालत न्हाई ह्ये, एवढं खरं."

मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं!

मग मीच अवलक्षण केलं. रामनगरच्या सलूनमध्ये मिशी दोन्हीकडे सारखी करायला बसलो. एकदा डावी जास्त झाली, एकदा उजवी. शेवटी सगळीच गेली. आमच्याकडे मिशी उतरवतात ती बाप गेल्यावर, हे मला बसमध्ये चढेपर्यंत आठवलंही नाही.

भरल्या बसमध्ये कंडक्टरनं मला उठून जागा दिली. शेजारची आजी पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "सोसायचं रं बाबा."

मला वाटलं, मिशीबद्दलच बोलतेय. म्हटलं, "काय न्हाई आज्जी, दोन म्हैन्यात येतीया परत."

आजीनं पदर तोंडाला लावला.

बसमधली बातमी रात्रीतच दिग्गीला पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथून काका रडत अंगणात आले. चालत आले होते, पायांत चपला नव्हत्या. बाबा पडवीत कुदळीला दांडा बसवत होते. त्यांना बघून काकांचं रडणं जागीच थांबलं. मला वाईट वाटलं, भीतीही वाटली.

बाबा म्हणाले, "मेल्यावर येणार हुतास व्हय? आलाईस तर जेवून जा."

काका जेवले. दोन दिवस राहिले. दोघांनी मिळून मला शिव्या दिल्या, त्यात त्यांचं एकदाही दुमत झालं नाही.

पुढे माझी मिशी आली, होती तेवढीच. काका मात्र फिरकले नाहीत, आणि आपण होऊन जायचं बाबांच्या स्वभावात नाही. परवा सकाळी ते बराच वेळ दिग्गीच्या वाटेकडे बघत बसले होते. मग उठले, वाटीत पाणी घेतलं, वस्तरा काढला आणि मला हाक मारली.

"चार म्हैनं झालं, तुझा काका आला न्हाई. बस हितं."