शेजारणीची चिठ्ठी

ताईनं माहा कागद पडद्यावर लावला अन् माह्याच बोलीत वाचून दाखवला. हेल काढून. प्रत्येक 'ते'वर जोर देऊन.

"भाऊ, फवारणीचा पंप धुतल्याबिगर घरात नेऊ नका. लेकराले काय समजते? ते पंपाले हात लावते अन् तोच हात तोंडात घालते. मंग दवाखान्यात पळा लागते."

सारा हॉल हसला. यवतमाळातल्या एका हॉटेलचा थंडगार हॉल. बॅटरीचे पंप बनवणाऱ्या कंपनीचे साहेब पुण्याहून आले होते, आम्हाले शिकवाले. ग्राहकाले व्यावसायिक पत्र कसं लिहावं, हा विषय.

"हे पत्र आहे की शेजारणीची चिठ्ठी?" साहेबानं विचारलं. "लिहिलंय कोणी?"

ताईनं बोट केलं. माह्याकडं.

"खेड्यातून आलेली मुलगी आहे सर. शिकेल हळूहळू."

सारे मागं वळून पाहून राह्यले होते. माह्या हातात चहाचा कप होता. तो कुठं ठेवावा तेही सुचेना. कान तापून गेले. हसणाऱ्यायचा राग नव्हता मले. ते कोण माहे? राग ताईचा होता. काहून की तोच कागद तिच्या सहीनं साऱ्या जिल्ह्यातल्या दुकानायत गेला होता. दुकानदारायचे फोन आले, मस्त लिहिलं मॅडम, तवा "थँक्यू" तिनं म्हटलं होतं. कौतुक आलं तवा कागद तिचा. हसू आलं तवा माहा.

ही ताई म्हणजे आमच्या ऑफिसची मॅनेजर. पंपाची एजन्सी मालकाची, पण कारभार सारा तिच्या हातात. तिच्या घरात आजोबापासून सारे वकील, नाहीतं हेडमास्तर. मी आर्णीकडच्या खेड्यातली. घरी कापूस, तूर, सोयाबीन. कॉलेज झाल्यावर टायपिंगसाठी म्हणून लागली, तं पहिल्याच दिवशी तिनं म्हटलं, "मॅडम नको म्हणू. ताई म्हण." मी म्हटलं. मले वाटलं, शहरात आपलं कोणी तरी आहे.

खोटं कायले बोलू, शिकवलं तिनं मले. एका कागदात एकच गोष्ट लिही. काय करायचं ते आधी, कारण मागून. वाचणारा उभ्याउभ्यानं वाचतो हे ध्यानात ठेव. अन् तिनंच सांगतलं, "तू बोलतेस तसं लिही. आपले क्लायंट तालुक्याचे दुकानदार आहेत. त्यांना सदर-उपरोक्त नको." मी लिहीत गेली. आमच्याकडं कृषी केंद्रवाले असा कागद दुकानाच्या दारावर चिकटवतात, अन् पंप घेणाराले पैसे घ्यायच्या आधी मोठ्यानं वाचून दाखवतात. ज्याले वाचता येत नाही तोही ऐकून जाते. म्हणून मी लिहून झालं की आधी तोंडानं म्हणून पाहो. जिथं जीभ अडे, ते वाक्य मोडो. दिवाळीत ताईनं घरी बोलावलं, मायसाठी साडी दिली. माय म्हणे, देवमाणूस आहे बाई.

हॉटेलातून वापस येताना गाडीत ती म्हणाली, "मनावर घेऊ नको गं. साहेबांसमोर काहीतरी बोलावं लागतं." माह्या मांडीवर हात ठेवून म्हणाली. मी खिडकीकडं तोंड केलं. बोलली असती तं रडली असती.

त्यानंतर माहे कागद बदलले. 'आपणांस सूचित करण्यात येते की सदर उपकरणाच्या देखभालीबाबत यथोचित दक्षता घेण्यात यावी.' साहेब खूश, मालक खूश. आर्णीचे एक दुकानदार होते, मी त्यायले काका म्हणो. त्यायचा फोन आला.

"पोरी, हे काय पाठोलं? गिऱ्हाईक म्हणते, वाचलं ते ठीक, पण करायचं काय?"

मी म्हटलं, "काका, आता असंच येईन." त्यायनं फोन ठेवला. मले वाटाले लागलं, आपली बोलीच गचाळ असन. घरी फोनवर मी 'मला, तुला' कराले लागली. बाबा म्हणाले, "कोणाशी बोलून राह्यली तू? मी बाप आहे तुहा." पण मी सोडलं नाही. इतकं खोलवर लागलं होतं ते हसणं.

मंग नवीन माल आला. पंप तेच, चार्जर नवे. स्वस्तातले. आर्णीच्या काकायचा पुन्हा फोन, आवाज घाबरा. चार्जर तापून पेटला, गिऱ्हाईकाच्या बायकोचा हात भाजला, बाजूचं अंथरूण जळालं. दुसऱ्या गावातूनही तसंच ऐकू आलं. मी लगेच कागद केला. सदर नाही अन् उपरोक्त नाही. 'नवा चार्जर वापरू नका. काढून दुकानात आणून द्या. हा पेटतो.' ताईपुढं ठेवला.

तिनं वाचला. उलटा करून ठेवला.

"हे नाही पाठवायचं. माल गोडाऊनमध्ये पडून आहे. तो आधी जाऊ दे."

"ताई, बाई भाजली."

"माहितीये मला. म्हणूनच नीट लिहायचं. असं लिही, चार्जर चांगला आहे, घरातली लाईन कमजोर असली की तापतो." मंग जराशी माह्याकडं वाकली अन् अगदी लाडानं म्हणाली, "तुझ्या भाषेत लिही ना. पहिल्यासारखं. भाऊ वगैरे. लोकांना तुझं पटतं."

बस. तिथंच माहं डोकं सरकलं.

म्हणजे तिले सारं ठाऊक होतं. माही बोली कुठवर पोचते, लोकं त्या बोलीवर काहून भरोसा ठेवतात, तिले साऱ्यायहून जास्त ठाऊक होतं. तरी तिनं साहेबापुढं त्याच बोलीची चेष्टा केली. अन् आता माह्याच लोकायले फसवाले तीच बोली पाह्यजे होती. गावचा माणूस 'भाऊ' ऐकते, आपलीच पोरगी सांगून राह्यली म्हणते, अन् चार्जर लावून निजते. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. अन् कापणाराचा हात माहा.

"मी नाही लिहीत," मी म्हटलं.

"सही माझी असणार आहे. तुला काय त्रास?"

"सही तुमची, पण बोलणं माहं आहे. ते लोकं ओळखतात."

ती म्हणाली, "तुला माणसात मी आणलं." हे ती रागानं नाही बोलली. खरंच तिले तसं वाटत होतं. मी तोवर कोण होती तिच्या मनात? ढोर?

मी मॅडम म्हणाली तिले. "मॅडम, मी माणसातच होती." अन् बाहेर आली.

जिन्यात उभी राहून माह्या फोनवरून साऱ्या दुकानदारायले पाठवलं. चार्जर वापरू नका, पेटतो, काढून ठेवा. खाली माहं नाव अन् गावाचं नाव. पहिल्यांदाच.

संध्याकाळी मालकानं काढून टाकलं. दुकानदारायच्या ग्रुपवर ताईचं पत्र आलं, चांगल्या छापील मराठीत. सदर कर्मचारी आता सेवेत नाही, तिच्या संदेशावर विश्वास ठेवू नये. काही दुकानदारायनं माहं ऐकलं. बरेच माल विकत राह्यले. मी आर्णीले काकाच्या दुकानात गेली. त्यायनं माहा निरोप मोठ्या अक्षरात लिहून दारावर लावला होता. ते मलेच विचारून राह्यले होते, "पोरी, हा काढू काय? एजन्सी माल बंद करतो म्हणते. मले दुकान चालवा लागते." माह्यासमोर त्यायनं तो कागद काढला अन् खाली पाहत राह्यले.

तिथंच बेंचावर एक माणूस नवा पंप घेऊन बसला होता. खोक्यात चार्जर. मी त्याच्यापुढं उभी राह्यली अन् काकासमोर, भर दुकानात, मोठ्यानं सांगतलं, दादा, हा पेटतो, वापस द्या. काकानं थांबवलं नाही. त्या माणसानं खोकं काउंटरवर ठेवलं.

आता मी असंच करीन. कागद लावू देत नसतीन तं तोंडानं सांगीन. आर्णीत, पुसदले, आठवडी बाजारात, जिथं पंप विकत असन तिथं उभी राहीन. कोणाची ताई मले आता नको. हसणारायनं खुशाल हसावं. माही बोली मी पुन्हा कोणाले भाड्यानं देत नाही.