पुस्तकातला अर्ज

जव्हारच्या आमच्या वाचन मंडळात नऊ बायका. बहुतेक शिक्षिका, दोघी कचेरीत कारकून. शनिवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमायचं, एकीने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी चिवडा न वाजवता ऐकायचं, असा नियम आहे. प्रत एकच असते. दर आठवड्याला ती एकीच्या घरी जाते, आवडलेल्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारायची मुभा असते. पुस्तक संपलं की सगळ्या रेघा खोडून ते परत करायचं काम माझं, कारण मंडळ मी काढलं आणि हौस मलाच फार.

यंदा जूनमध्ये एका कारखानदाराचं आत्मचरित्र घेतलं. लहानपणी हॉटेलात कपबश्या विसळल्या, आता तीन कारखाने. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी उपदेश. आज त्यातली दोन पानंसुद्धा माझ्याच्याने वाचवत नाहीत, पण तेव्हा आम्ही माना डोलवत होतो. एक प्रसंग तर हौसेने दोनदा वाचला. हाती आलेलं शिपायाच्या नोकरीचं पत्र तो फाडून टाकतो आणि म्हणतो, परतीचा दोर ठेवला की माणूस परततोच.

मंडळात सगळ्यात लहान होती ती एका आश्रमशाळेत रोजंदारीवर शिकवायची. रोजंदारी म्हणजे दर वर्षी नवा आदेश निघेल तेव्हा नोकरी. ती सूर्यमाळच्या एका पाड्यावरची. तिची थोरली बहीण दिवाळी झाली की वीटभट्टीवर जाते, आणि त्या बहिणीनेच भट्टीच्या कमाईवर हिला शिकवलं. आता बहिणीची मुलगी आठवी पास झाली होती आणि पाड्याजवळ पुढची शाळा नव्हती. म्हणून मावशीने भाचीला जव्हारला आपल्या खोलीवर आणलं आणि माझ्या वर्गात नववीत घातलं. पोर खिडकीजवळ बसायची, निबंध लिहिताना जीभ दातात धरायची. हिला भट्टीवर जाऊ द्यायचं नाही, एवढं एकच त्या दोघी बहिणींनी ठरवलं होतं.

जुलै सरत आला तरी मावशीचा आदेश आला नव्हता. एका शनिवारी ती मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज पिशवीत घालून आली.

"मॅडम, आदेश नाही आला तर मला भिवंडीला कामाला जावं लागेल. अर्जाला सोमवार शेवटचा. पोरीचा देऊन ठेवू का?"

मी पुस्तकाच्या भरात होते. म्हटलं, "अगं, दहा वर्षं शिकवतेस, आदेश येणारच. मावशी गावात असताना पोर वसतिगृहात कशाला? परतीचा दोर ठेवलास तर परतशीलच." बायकांनी टाळ्या वाजवल्या. खरोखर वाजवल्या. ती जराशी लाजली आणि पिशवी मांडीखाली सारली. नऊजणींत शेवटची पाळी तिची, त्या आठवड्यात पुस्तक तिच्याकडे गेलं.

पुढच्या शनिवारी परत आणलं तेव्हा तिचा त्या कारखानदाराबद्दल एकच प्रश्न होता. एरवी आमच्याशी शाळेतलं मराठी बोलायची, त्या दिवशी घरच्या बोलीवर आली. "ह्याची बहीस पानी भरं, ह्याला भाकर बांधून देई. मंग ती कुठं दिसतच नाय. तिचा पुढं काय झाला?"

"लग्न झालं असेल," असं म्हणून मी पान उलटलं.

आदेश आला नाही. ऑक्टोबरात कळलं की तिच्या जागी ठेकेदारामार्फत माणसं भरली. तिने खोली सोडली, भिवंडीला गेली. मी वसतिगृहात धावत गेले. अधीक्षिका चांगली बाई आहे, तिने मला चहा दिला. "जागा भरल्या, मॅडम. जुलैत यायचं होतं," म्हणाली. पोरीला माझ्या घरी ठेवते, हे वाक्य माझ्या ओठावर आलं होतं. घर दोन खोल्यांचं, सासरे अंथरुणाला खिळलेले, मुलाची बारावी. ही कारणं खरी आहेत आणि मी ती स्वतःला रोज सांगते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर खिडकीजवळची जागा रिकामी झाली. हजेरीत नाव अजून आहे. मी ते पुकारते, कुणीतरी मागून "भट्टीवर गेली, बाई" म्हणतं, मी पुढचं नाव घेते.

पुस्तक परत करायचं राहून गेलं होतं. गेल्या आठवड्यात रबर घेऊन बसले. सगळ्या रेघा उपदेशांखाली. परतीच्या दोराखालची सगळ्यात जाड रेघ माझी. लाज वाटली, घासघासून खोडली. तिची मात्र एकही रेघ नव्हती. कारखानदाराची ती बहीण शेवटची दिसते त्या पानात एक घडी केलेला कागद होता. तोच अर्ज.

मला वाटलं होतं कोरा असेल. सगळा भरलेला होता, तिच्या वळणदार अक्षरात. पोरीचा फोटो चिकटवलेला, मागे दाखला टाचलेला. पालकाच्या सहीच्या जागी तिच्या बहिणीचा अंगठा, त्या शनिवारच्या आदल्या दिवसाची तारीख घातलेला. अंगठ्यासाठी ती सूर्यमाळला जाऊन आली असणार. म्हणजे मला विचारायला आली तेव्हा सगळं तयार होतं. तिला माझ्या तोंडून फक्त "दे" एवढंच ऐकायचं होतं.