सत्काराची शाल

ती शाल अजून कपाटात आहे, पण अंगावर घ्यायचं मन होत नाही.

गरीब मुलांच्या शिक्षणासाठी देणग्या जमवायच्या म्हणून आम्ही सक्करदऱ्याहून गडचिरोलीकडच्या एका आश्रमशाळेपर्यंत सायकलने गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो, तेव्हा मांड्या भरून आल्या होत्या आणि छाती फुगली होती. आम्हाला मांडवात खुर्च्या, मुलं बाहेर उन्हात रांगेत. एकेका सायकलवाल्याला शाल आणि नारळ. असले सत्कार आपल्याकडे कधी आटपतात का? मग मुलांनी स्वागतगीत म्हटलं. एक सूर चुकला नाही.

पाणी घेऊन आलेल्या मुलीला मी कौतुकाने विचारलं, "कधीपासून बसवून राहिल्या वं हे गाणं?"

"मागच्या सोमवारपासून, सर. वर्ग बंदच आहेत ना. गुरुजी म्हणे, पाहुणे शिक्षणासाठी येऊन राहिले."

मी ग्लास खाली ठेवला. तेवढ्यात आमच्यातल्या एकाने माइकवर जाहीर केलं, की दरवर्षी आम्ही इथे येणार. गुरुजींनी हात वर केला आणि मुलांनी एका तालात टाळ्या वाजवल्या.

टाळ्याही बसवलेल्याच होत्या.