वर उडणाऱ्या झिरमिळ्या

सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांना आकाशकंदील करायला बोलावलं होतं. शेजारच्या, पहिलीतल्या मीराने झिरमिळ्या कंदिलाच्या वरच्या बाजूला चिकटवल्या. "वारा सुटलाय ना, काकू," ती मला म्हणाली. तेवढ्यात तिच्या आईने, "अगं, असं कुठे असतं का?" म्हणत त्या टराटरा उपटल्या आणि खाली नीट ओळीत लावल्या. माझं डोकंच फिरलं. हॉलभर तेच! कात्री आयांच्या हातात, खळ बाबांच्या बोटांना, आणि मुलं आपली हाताची घडी घालून उभी. मग आणता कशाला त्यांना? कागदात वारा दिसतो ते वय आधीच चार दिवसांचं, तेही आपल्याला सरळ करून हवं!

शेवटी फोटोसाठी कंदील मीराच्या हातात दिला. तिने विचारलं, "आई, हा कुणी केला म्हणून सांगू?"